पाण्याखालचा सुरुंग

बारामती आणि इंदापूर ह्या तालुक्यांतील मुलांना सुरुंग हा शब्द नवा नाही. ह्या भागात विहीर खणू लागले की काही हातांवर काळा कातळ लागतो. पहार आणि कुदळ तेथे थांबते, आणि सुरुंग लावणारा माणूस येतो. तो कातळात भोके पाडतो, त्यांत दारू ठासतो आणि वात जोडतो. वात पेटविण्यापूर्वी मात्र तो मोठ्याने हाका घालून सर्वांना दूर घालवितो. रस्त्याने जाणारी वाहनेसुद्धा थांबविली जातात. मग स्फोट होतो, दगड उडतात, आणि पुढे केव्हातरी त्याच जागी पाण्याचा झरा लागतो.

हा सुरुंग माणसाच्या उपयोगाचा आहे. तो कोठे आहे हे सर्वांना ठाऊक असते. तो केव्हा उडणार हेही ठाऊक असते. आणि त्याच्यापासून कोणाला इजा होऊ नये, ह्याची काळजी तो लावणाराच घेत असतो.

सुरुंग ह्याच नावाची आणखी एक वस्तू आहे. ती समुद्रात पेरतात. तिला पाणसुरुंग असे म्हणतात. विहिरीच्या सुरुंगाचे जे तीन गुण आपण पाहिले, त्यांपैकी एकही तिच्या अंगी नाही. ती कोठे आहे हे कोणास दिसत नाही. ती केव्हा उडेल हे कोणास सांगता येत नाही. आणि ती पेरणारा तर केव्हाच दूर निघून गेलेला असतो. ह्या पाणसुरुंगाची, तो पेरणाऱ्या पाणबुड्यांची, आणि १९१७ साली आपल्या कोकण किनाऱ्यासमोर घडलेल्या एका दुर्घटनेची हकीकत ह्या पाठात सांगितली आहे.

प्रथम पाणसुरुंग कसा असतो ते पाहू. पाणसुरुंग म्हणजे लोखंडाचा एक मोठा गोळा होय. त्याच्या पोटात शंभर किलोग्रॅमहून अधिक स्फोटक दारू भरलेली असते; तरीही आत हवेची पोकळी राखलेली असल्यामुळे तो पाण्यावर तरंगू पाहतो. त्याला तसाच तरंगू दिला, तर तो कोणाच्याही दृष्टीस पडेल. म्हणून एका पोलादी दोराने त्याला एका जड बैठकीशी जखडून टाकतात. बैठक समुद्राच्या तळाशी जाऊन बसते, आणि गोळा पाण्याच्या पृष्ठभागाखाली काही हातांवर अडकून राहतो.

भिगवणच्या बाजूस उजनीच्या जलाशयात मासेमारी चालते, ती तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. जाळ्याच्या वरच्या काठाला तरंगणारे गोळे असतात आणि खालच्या काठाला वजने असतात. त्यांतील एक गोळा पाण्याखाली ओढून धरला आणि तेथेच तळाशी बांधून टाकला, तर तो वरून दिसणार नाही; पण सुटून वर येण्याची त्याची ओढ मात्र कायम राहील. पाणसुरुंगाची स्थिती अगदी अशीच असते. ह्याच जलाशयात पळसदेवचे जुने मंदिर बुडालेले आहे. पाणी ओसरले की त्याचे शिखर वर डोकावते, आणि नावाडी आपली नाव बाजूने काढतो. पाणसुरुंगाला असे शिखर नाही.

ह्या गोळ्याच्या अंगावर शिशाची काही शिंगे बसविलेली असतात. प्रत्येक शिंगात काचेची एक नळी असून तिच्यात रासायनिक द्रव भरलेला असतो. जहाजाचा तळ शिंगावर आदळला की मऊ शिसे वाकते, आतील काच फुटते, द्रव खाली ओघळतो आणि त्यामुळे विजेचा प्रवाह सुरू होतो. त्या प्रवाहाने दारूचा स्फोट होतो. आदळणारे जहाज युद्धनौका आहे की प्रवासी बोट आहे, शत्रूचे आहे की मित्राचे आहे, हे त्या काचेच्या नळीला समजत नाही.

पूर्वी हे सुरुंग साध्या जहाजांवरून पेरीत असत. परंतु शत्रूच्या बंदराच्या तोंडाशी जाऊन, त्याच्या देखत, हे काम कसे करणार? हा प्रश्न रशियातील मिखाईल नालेतोव ह्या अभियंत्याला पडला. १९०४ साली रशिया आणि जपान ह्यांच्यात युद्ध सुरू झाले. त्या युद्धाच्या काळात त्याने पाण्याखालून जाऊन सुरुंग पेरील अशा पाणबुडीची कल्पना मांडली. तिच्यावरून जी पाणबुडी पुढे बांधण्यात आली, तिचे नाव 'क्राब', म्हणजे खेकडा. ती एका वेळी ६० सुरुंग नेऊ शकत असे. पहिले महायुद्ध चालू असता, १९१५ साली, तिने काळ्या समुद्रात बॉस्फरसच्या सामुद्रधुनीजवळ सुरुंग पेरले. त्याच वर्षी जर्मनीनेही अशा पाणबुड्या समुद्रात उतरविल्या. त्यांतील लहान पाणबुड्यांच्या पोटात सहा तिरपे नळ असत, आणि प्रत्येक नळात दोन असे बारा सुरुंग ठेवलेले असत.

ह्या पाणबुड्यांपैकी एकीची कथा विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. 'यू ७५' हे तिचे नाव. १९१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस ती स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांजवळ आली, सुरुंग पेरून झाले, आणि ती परत गेली. इंग्रजांचे लढाऊ आरमार त्या बाजूने ये-जा करील, एवढाच तिच्या अधिकाऱ्यांचा हिशेब होता. पुढे थोड्याच दिवसांनी, ५ जून १९१६ रोजी, 'हॅम्पशायर' नावाची इंग्रज युद्धनौका भर वादळात त्या मार्गाने निघाली. त्या नौकेवर इंग्लंडचे युद्धमंत्री लॉर्ड किचनेर होते. ते रशियाला चालले होते. हे किचनेर १९०२ पासून १९०९ पर्यंत हिंदुस्थानचे सरसेनापती होते. त्यांच्याच काळात, १९०५ साली, नाशिकजवळ देवळाली येथे लष्करी अधिकाऱ्यांचे महाविद्यालय उघडण्यात आले होते. 'हॅम्पशायर' सुरुंगावर आदळली आणि थोड्याच वेळात बुडाली. किचनेर गेले, त्यांच्यासह शेकडो नाविक गेले, बारा जण तेवढे किनाऱ्यास लागून वाचले. ज्यांनी सुरुंग पेरले, त्यांना त्या नौकेवर कोण असणार आहे ह्याची वार्ताही नव्हती.

आणि त्या पाणबुडीचे पुढे काय झाले? दीड वर्षाने, १३ डिसेंबर १९१७ रोजी, हॉलंडच्या टेर्शेलिंग बेटाजवळ 'यू ७५' स्वतःच एका पाणसुरुंगावर आदळली आणि आपल्या बहुतेक नाविकांसह बुडाली. इतरांच्या वाटेत जी वस्तू तिने पेरली होती, तशीच वस्तू तिच्या वाटेत दुसऱ्या कोणी पेरून ठेवली होती.

त्या काळच्या जर्मन पाणबुड्यांना युरोपातून निघून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत येण्याएवढा इंधनाचा साठा नेता येत नसे. म्हणून आपला समुद्र सुरक्षित आहे असे पुष्कळांना वाटत होते. पण पाणबुडी जेथे पोचू शकत नव्हती, तेथे सुरुंग पोचविण्यासाठी जर्मनीने दुसरी युक्ती योजली. मालवाहतुकीसाठी बांधलेले एक साधे जहाज घेऊन त्याचे नाव 'वोल्फ' असे ठेवण्यात आले. वोल्फ म्हणजे लांडगा. इंदापूरच्या माळरानावर मेंढरे राखणारी मुले ह्या प्राण्याला चांगले ओळखतात. तो गाजावाजा करून येत नाही. मेंढपाळाला चाहूल न देता तो कळपाच्या कडेला पोचतो. ह्या जहाजाची रीतही तशीच होती. त्याच्या तोफा झडपांच्या आड लपविलेल्या होत्या, आणि त्याच्या पोटात साडेचारशेहून अधिक पाणसुरुंग होते. दुरून पाहणाऱ्याला मात्र ते एक संथ चालणारे मालवाहू जहाजच वाटे.

३० नोव्हेंबर १९१६ रोजी कार्ल ऑगस्ट नेर्गर ह्या कप्तानाच्या आज्ञेखाली 'वोल्फ' जर्मनीतील कील बंदरातून निघाले. ते २४ फेब्रुवारी १९१८ रोजी परत आले. ह्या ४५१ दिवसांत ते एकाही बंदरात शिरले नाही. कोळसा आणि अन्न ते पकडलेल्या जहाजांवरून घेई. बिनतारी यंत्रावर इतरांचे संदेश ऐकत राहावे, पण स्वतः संदेश पाठवू नये, अशी त्याची दक्षता होती. त्याच्यावर एक लहान विमानही होते. त्याला 'लांडग्याचे पिल्लू' अशा अर्थाचे नाव होते. ते पिल्लू आकाशात जाऊन सावज हेरीत असे.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ सुरुंग पेरून 'वोल्फ' हिंदी महासागरात शिरले. १९१७ च्या फेब्रुवारी महिन्यात त्याने कोलंबोजवळ, आणि त्यानंतर मुंबईच्या वाटेवर सुरुंग पेरले. मुंबईच का, असे तुम्ही विचाराल. त्या वेळी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मोठे युद्ध चालले होते. तेथे जाणारे सैन्य, घोडे, खेचरे, धान्य आणि दारूगोळा हा सारा मुख्यत्वे मुंबई बंदरातून बसऱ्याकडे जात असे. आपल्या मराठा पलटणीही त्या युद्धात लढत होत्या. मुंबईची वाट अडविणे म्हणजे त्या सैन्याची शिदोरी अडविणे होते.

काम संपवून 'वोल्फ' निघून गेले. मार्च गेला, एप्रिल गेला, मे गेला. उन्हाळ्यातील शांत समुद्रावर कोळ्यांची गलबते आणि व्यापाऱ्यांची जहाजे ये-जा करीत राहिली. सुरुंग मात्र पाण्याखाली जागे होते.

जून लागला आणि पावसाळी वारे सुटले. त्या महिन्यात 'सिटी ऑफ एक्झेटर' ह्या जहाजाला सुरुंगाचा तडाखा बसला. सुदैवाने ते तग धरून बंदरास पोचले. २३ जून १९१७ रोजी मात्र 'मंगोलिया' ह्या जहाजाच्या नशिबी ते सुदैव नव्हते. १९०३ साली बांधलेले हे पी अँड ओ कंपनीचे मोठे प्रवासी जहाज होते. मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ५० सागरी मैलांवर, तेव्हाच्या जंजिरा संस्थानाच्या किनाऱ्यासमोरील समुद्रात, ते सुरुंगावर आदळले आणि पाव तासाच्या आत बुडाले. २३ माणसे प्राणास मुकली. ह्या घटकेला ते सुरुंग पेरणारे 'वोल्फ' न्यूझीलंडच्या बाजूच्या समुद्रात, हजारो मैल दूर होते.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कप्तान नेर्गर हा क्रूर मनुष्य नव्हता. एखादे जहाज पकडले, तर त्यावरील माणसांना तो आधी आपल्या जहाजावर घेई, आणि मगच ते जहाज बुडवी. तो कीलला परतला तेव्हा त्याच्या जहाजावर असे चारशेहून अधिक कैदी होते. जी माणसे त्याने डोळ्यांनी पाहिली, त्यांना त्याने पुष्कळ अंशी वाचविले. जी माणसे त्याने पाहिली नाहीत, ती त्याच्या सुरुंगांनी मारली. पाहणाऱ्या माणसाला दया येऊ शकते. लोखंडाच्या गोळ्याला ती येत नाही. आपल्या हातून सुटलेल्या शस्त्राबरोबर आपली दया जात नाही, हे ह्या कथेतून स्पष्ट होते.

त्या काळी जहाजे इंग्रजांची असत. परंतु ती चालविणारे हात बहुतांशी आपल्याच लोकांचे होते. रत्नागिरी जिल्ह्यातील गावोगावचे तरुण खलाशी म्हणून अशा जहाजांवर चढत. तळघरातील भट्ट्यांत कोळसा लोटण्याचे कष्टाचे काम करणारेही परमुलखातील गरीब लोकच असत. स्वयंपाकघरात आणि प्रवाशांच्या सेवेत गोव्याची माणसे असत. सुरुंगाचा घाव जहाजाच्या तळाला बसतो, आणि जहाजाच्या तळाशी राबणारा माणूस सर्वांत गरीब असतो. पहिल्या महायुद्धात समुद्रावर मरण पावलेल्या आणि समुद्राखेरीज दुसरी समाधी न लाभलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या भागातील खलाशीगृहात आहे. युद्धांच्या इतिहासात सेनापतींची नावे मोठ्या अक्षरांत लिहिलेली असतात. ह्या खलाशांची नावे वाचण्यासाठी मात्र आपल्याला मुद्दाम तेथे जावे लागते.

पाणसुरुंग अंधपणे मारतो, हे राष्ट्रांना ठाऊक नव्हते असे नाही. १९०७ साली हॉलंडमधील हेग शहरी भरलेल्या परिषदेत त्याविषयी नियम करण्यात आले होते. जखडलेला सुरुंग दोर तुटून सुटला, की तो आपोआप निकामी झाला पाहिजे. मोकळा सोडलेला सुरुंग एका तासाच्या आत निकामी झाला पाहिजे. आणि युद्ध संपल्यावर ज्याने त्याने आपले सुरुंग काढून घेतले पाहिजेत, असे ते नियम होते. केवळ व्यापारी जहाजे अडविण्यासाठी शत्रूच्या बंदरासमोर सुरुंग पेरू नयेत, असाही एक नियम त्यांत होता. सात वर्षांनी महायुद्ध पेटले, आणि दोन्ही बाजूंनी हजारो सुरुंग समुद्रात टाकले. नियम कागदावर लिहिणे सोपे असते; भीती आणि सूड ह्यांच्या भरात तो पाळणे कठीण असते.

मग पेरलेले सुरुंग काढतो कोण? ते काम सुरुंग काढणाऱ्या नौकांचे. दोन नौका काही अंतर राखून बरोबरीने चालतात, आणि त्यांच्यामध्ये पाण्याखालून एक लांब पोलादी दोर ओढला जातो. शेतातील दोन गडी दोर धरून उभ्या पिकावरून चालत गेले, तर दोर जसा प्रत्येक ताटाला लागतो, तसा हा दोर सुरुंगाच्या बंधनाला लागतो. बंधन तुटले की सुरुंग उसळून वर येतो. मग दुरून गोळ्या झाडून त्याचा नाश करतात. हे सांगण्यास सोपे आहे. परंतु सुरुंग शोधणारी नौका स्वतःच सुरुंगांच्या शेतात फिरत असते, हे विसरता कामा नये. मुंबईसमोरच्या समुद्रातही १९१७ साली हे काम करावे लागले. ते करणाऱ्यांनी एकही शत्रू मारला नाही. त्यांनी फक्त वाट मोकळी केली.

पुढे भारत स्वतंत्र झाला. १९७१ साली पाकिस्तानशी युद्ध झाले, तेव्हा सुरुंग वाहून नेणारी एक पाणबुडी आपल्या पूर्व किनाऱ्यावर आली. तिचे नाव 'गाझी'. आपली विमानवाहू नौका 'विक्रांत' शोधून बुडवावी, आणि विशाखापट्टणमजवळ सुरुंग पेरावेत, हे तिचे उद्दिष्ट होते. 'विक्रांत' तोपर्यंत अंदमानकडे हलविण्यात आली होती. ३ व ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमच्या समुद्रात 'गाझी' बुडाली, आणि तिच्यावरील नव्वदांहून अधिक नाविकांपैकी एकही वाचला नाही. 'राजपूत' ह्या आपल्या युद्धनौकेने टाकलेल्या बाँबगोळ्यांनी ती बुडाली, असे आपले नौदल सांगते. तिच्यातच स्फोट झाला, किंवा आपल्याच सुरुंगाने तिचा घात केला, असेही मत मांडले गेले आहे. मते भिन्न असली, तरी त्या लोखंडी पेटीत मृत्यू पावलेले नाविक हेही कोणाचे तरी मुलगे आणि भाऊ होते, ह्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

समुद्र ही कोणा एका राष्ट्राची वाट नाही. आपल्या घरातील दिव्याचे तेल, कारखान्याचे यंत्र, परदेशी जाणारी द्राक्षे आणि साखर, ही सारी त्याच वाटेने ये-जा करतात. किनाऱ्यापासून दूर माळावर राहणाऱ्या माणसाचाही त्या वाटेशी संबंध आहे. देशाच्या रक्षणासाठी शस्त्र हाती घेण्याचा प्रसंग येऊ शकतो. तो आला तर माघार घेऊ नये. परंतु ज्या शस्त्राला डोळे नाहीत, ते हातून सोडण्यापूर्वी माणसाने आपले डोळे उघडे ठेविले पाहिजेत. आणि इतरांची वाट मोकळी व्हावी म्हणून जे आपला जीव धोक्यात घालतात, त्यांची नोंद इतिहासाने विजयी वीरांच्या बरोबरीने घेतली पाहिजे.

स्वाध्याय

१. विहिरीचा सुरुंग आणि पाणसुरुंग ह्यांत कोणते तीन भेद आहेत?
२. पाणसुरुंग पृष्ठभागावर न येता पाण्याखाली कसा राहतो? आकृती काढून सांगा.
३. 'यू ७५' ह्या पाणबुडीचा शेवट कसा झाला? त्यावरून तुमच्या मनात कोणता विचार येतो?
४. 'वोल्फ' ह्या जहाजाला ते नाव का शोभते, हे चार-पाच वाक्यांत लिहा.
५. 'आपल्या हातून सुटलेल्या शस्त्राबरोबर आपली दया जात नाही.' ह्या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
६. सुरुंग काढणाऱ्या नौकेवरील एका खलाशाने आपल्या गावी पाठविलेले पत्र कल्पनेने लिहा.